भुतालाही नियम असतात

दशावतारात संकासुर येतो तेव्हा रात्र बरीच चढलेली असते. अंगभर काळा वेश, तोंड झाकणारा काळा बुरखा आणि त्यावर लोंबणारी लाल जीभ. पुढ्यात बसलेली पोरं आवशीच्या पदरात तोंड खुपसतात. मग हा असुर अस्सल मालवणीत बोलू लागतो, भटाची फिरकी घेतो, आणि तीच पोरं खिदळायला लागतात. त्याने वेद चोरलेत आणि विष्णूच्या हातून तो मरणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेटाऱ्यातून आलेला वेश, हार्मोनियम-पखवाज-झांज आणि बसायला एक बाक, एवढ्यावर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत खेळ चालतो. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर अशा मंडळांचे खेळ सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून आजी, सून आणि मांडीवरचं पोर एकत्र बघत आले. कोणाला कितव्या वर्षापासून बघू द्यायचं, हा प्रश्न तिथे कोणी काढला नाही.

सिनेमाला मात्र तो सुटत नाही. 7 जून 2024 रोजी आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला तेव्हा कोकणातल्या भुताचा हा हिंदी सिनेमा बघायला लोक पोराबाळांसकट गेले. त्याआधी 12 ऑक्टोबर 2018 रोजी आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला ‘ए’ प्रमाणपत्र होतं. म्हणजे अठराच्या आतल्या मुलाला थिएटरात प्रवेशच नाही, आईबाप सोबत असले तरी. ‘मुंज्या’ला मिळालेल्या ‘यूए’चं तसं नसतं, तिथे निर्णय पालकांवर सोडलेला असतो. 2024 च्या नव्या नियमांनी या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले.

गंमत अशी, की दोन्हींत परीकथेचा सांगाडा जास्त पक्का आहे तो ‘तुंबाड’चा. पूर्ती देवीचा पहिला मुलगा हस्तर, सोन्याचा आणि धान्याचा लोभी. बाकीच्या देवांपासून आईने त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. त्याला भूक पिठाची. पिठाची बाहुली दाखवली की तो येतो, पिठाच्या रिंगणात त्याला पाऊल टाकता येत नाही, आणि तो बाहुली खाईपर्यंत त्याच्या लंगोटातली मोहर काढून घ्यायची. मोहरा काढणाऱ्या बापाने एका बाहुलीवर भागवलं, त्याच्या पोराला सगळंच हवं झालं. ही गोष्ट चुलीपुढे बसून कुठल्याही आजीने सांगावी अशी आहे. काही प्रसंग मुलांसाठी नाहीत हे खरं, आणि सेन्सॉर मंडळाचा निर्णय अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. पण हस्तर स्वतः मुलांना कळणारा राक्षस आहे, कारण त्याच्यापासून वाचायचं कसं हे त्याच्यासोबतच सांगितलेलं आहे.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. मुलाला भीती चालते, बिननियमाची भीती चालत नाही. मालवणी गजालींतली भुतं या बाबतीत फार शिस्तीची. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा, त्याचा मुक्काम पिंपळावर. चकवा लागला तर पळायचं नाही, आहे तिथे बसून उजाडायची वाट बघायची. देवचार रात्री गावच्या हद्दीवर फिरतो, त्याचा मान त्याला दिला की तो वाटसरूला घरापर्यंत पोचवतो. आरवलीच्या वेतोबाला तर भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. ती झिजतात, कारण देव रात्री गावात फिरून राखण करतो अशी श्रद्धा. अशा गावात पोराला अंधाराची भीती सांगितली जाते ती उपायासकट.

‘मुंज्या’ने हे बरोबर हेरलं. त्याचा मुंजा भयानक आहे आणि हट्टी पोरासारखा हास्यास्पदही, लग्न लावून द्या म्हणून मागे लागलेला. थोडक्यात संकासुरच. सुहास जोशींची आजीही त्यात आहे, जिचा लहानपणी बळी जाता जाता राहिला. सिनेमा मध्यावर या आजीला मारतो, ते मला पटलं नाही. अशा गोष्टीत मोठं माणूस शेवटपर्यंत शेजारी लागतं.

मुलांना किती भीती दाखवायची, ही रस्सीखेच युरोपातही झाली. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागलं तसा त्यावर हात फिरत गेला. पण तापलेले लोखंडी जोडे घालून दुष्ट राणीला मरेपर्यंत नाचायला लावतात, तो शेवट त्यांनी काढला नाही. आईचा दुष्टपणा काढला, शिक्षा ठेवली. मुलांना काय सोसतं याचा तो अंदाज मला आजच्या कित्येक निर्मात्यांपेक्षा चांगला वाटतो. आपल्याकडे सत्यजित राय यांनी 1969 मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये भुतांचा एक लांबलचक नाच दाखवला आणि भुतांचा राजा वर देऊन गेला.

‘रात्रीस खेळ चाले’ ही 2016 ची मालिका आकेरीत चित्रित झाली, तेव्हा कोकणातल्या घरांत ती सगळ्यांनी मिळून पाहिली. सुरुवातीचे भाग जमलेही होते. पण रोजच्या मालिकेला भीती ताणावी लागते, उपाय सांगून टाकला तर उद्याचं काय? दशावताराला पहाट बांधलेली असते, मालिकेला नसते.

अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप अशा वेळी हमखास येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण दशावतार बघणाऱ्या पोराला रंग उतरवल्यानंतरचा संकासुरही दिसतो, चहा पिणारा, कोणाचा तरी काका. सोंग म्हणजे काय ते त्याला तिथे आपोआप कळतं. पडद्यावर ती सोय नाही, घरातल्या कोणीतरी शेजारी बसून ती करावी लागते. आता ‘तुंबाड’ फोनवर आला आहे आणि अकरा-बारा वर्षांची मुलं तो एकटीच, कानात हेडफोन घालून बघतात. थिएटरचा दरवाजा बंद ठेवून आपण नेमकं काय साधलं?

मला खरी खंत वेगळीच आहे. ‘तुंबाड’ हिंदी, ‘मुंज्या’ हिंदी. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी श्याम बेनेगलांनी हिंदी आणि तेलुगूत केली. मराठीने 1993 मध्ये ‘झपाटलेला’ करून दाखवला होता. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला महेश कोठारे यांनी तात्या विंचू केलं, आणि त्यालाही नियम होता: बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरायचं. पोरं घाबरली, हसली, आणि तात्या विंचूचा मंत्र पाठ करून शाळेत गेली.

मालवणच्या खाडीतला गिरा मात्र अजून तसाच आहे. गजालीत सांगतात, की त्याचा केस हाती लागला आणि लपवून ठेवला तर तो चाकर होतो, मागाल तेवढे मासे आणून देतो. केस परत सापडला की घराची खैर नाही. लोभ, अट, मस्करी आणि सूड, सगळं तयार आहे. त्यावर मालवणीत, मुलांना घेऊन बघावा असा सिनेमा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.