कलप लावू की राहू देऊ?

रक्तदाब मोजून झालेला असतो, साखरेचा अहवाल पाहून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी हातात पडलेली असते, आणि मग खुर्चीतून उठता उठता प्रश्न येतो, "डॉक्टर, कलप लावत राहू की आता सोडून देऊ?" पवईत व्यवसाय करताना हा प्रश्न मला नित्याचा झाला आहे. तलावाकाठी सकाळची फेरी मारणारे निवृत्त प्राध्यापक तो विचारतात. सातारचे वा नागपूरचे घर बंद करून मुलाकडे पंधराव्या मजल्यावर राहायला आलेल्या आजीही विचारतात. स्वर बहुतेकांचा संकोचलेला असतो. या वयात असले काय विचारायचे, असा.

वाचकहो, हा संकोच अनाठायी आहे. आरशात दिसणारा चेहरा आपला वाटणे ही कोणत्याही वयात साधी गोष्ट नाही. शिवाय या प्रश्नाला वैद्यकीय बाजूही आहे, आणि उतारवयात ती दुर्लक्षून चालत नाही.

पांढरा केस म्हणजे आजार नव्हे

केसाच्या मुळाशी रंजकद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. मेलॅनिन नावाचे हे द्रव्य वाढत्या केसात भरले जाते. वयानुसार या पेशींचा साठा संपत जातो आणि नवा केस रंगाविना उगवतो. आपला केस कधी पिकणार हे मुख्यत्वे आनुवंशिकतेने ठरते. धूम्रपान आणि दीर्घकाळचा ताण या गोष्टी त्याला हातभार लावतात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून स्रवणारे रसायन या पेशींचा साठा वेगाने संपवते. एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात, ही समजूत मात्र खोटी आहे. उपटल्याने मुळाला इजा होते, एवढेच.

पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणी करावी. साठीनंतर पिकलेल्या केसांसाठी अशा तपासण्यांची गरज नसते. ज्येष्ठांमध्ये ब१२ची कमतरता पुष्कळ आढळते, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत. ती भरून काढलीच पाहिजे. पण ती पायांच्या मुंग्यांसाठी, रक्तासाठी आणि स्मरणशक्तीसाठी. सत्तरीत ब१२च्या गोळ्यांनी केस काळे होतील, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये.

तात्पर्य, येथे उपचार करण्याजोगे काही नाही. हा निवडीचा प्रश्न आहे. आणि निवड म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न ओघाने येतो.

डोके कोणाचे?

पांढऱ्या केसात आपल्या समाजाने नेहमीच काही निरोप वाचला आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त, बाराव्या सर्गात, कानाजवळच्या पिकल्या केसाचे रूप घेऊन वार्धक्य दशरथापाशी येते आणि राज्य रामाच्या हाती सोपवण्याविषयी सुचवते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तो निरोप राजाच्या स्वतःच्या कानात सांगितला गेला. आपल्याकडे तो बहुधा इतरांकरवी येतो.

मुलाच्या लग्नात छायाचित्रे चांगली यावीत म्हणून वडिलांना आग्रहाने कलप लावला जातो. 'आता कशाला हे नखरे', असे म्हणून आईचा कलप बंद केला जातो. आणि पतीच्या निधनानंतर तर स्त्रीने केस रंगवणे सोडावे, हे कोणी तोंडाने न बोलताही गृहीत धरले जाते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी यजमान गेल्यानंतर वर्षभर कलप लावला नाही. त्यांना तो सोडायचा नव्हता. लोक काय म्हणतील, या धास्तीने त्या थांबल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, तुला हवा असेल तर लाव ना." त्या एका वाक्याची त्या वर्षभर वाट पाहत होत्या.

स्त्रीच्या डोक्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली जाहीर केला होता. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कलपाचा उल्लेख अशा ठरावांत नसतो. पण त्यांमागचे तत्त्व कलपालाही लागू पडते. केस ज्याचे, निर्णय त्याचा. उलट बाजूनेही हेच खरे आहे: ज्यांना पांढऱ्या केसांत मोकळे वाटते, त्यांना 'वय झाल्यासारखे दिसता' असे म्हणून कलपाकडे ढकलणे हीदेखील सक्तीच होय.

वैद्य म्हणून माझे काम एवढेच, की आपण जो मार्ग निवडाल तो सुरक्षित असावा.

रंगवायचे ठरवले असेल, तर

टिकाऊ काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, हे रसायन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संयोग होऊन केसाच्या आत रंग तयार होतो. ॲलर्जी निर्माण करण्यात हे रसायन अग्रेसर मानले जाते. युरोपीय संघात केसांना लावताना त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असे बंधन आहे.

"वीस वर्षे हाच कलप लावतो, आजवर काही झाले नाही", हे वाक्य मी नेहमी ऐकतो. दुर्दैवाने ॲलर्जी अशीच येते. शरीर वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी सोसणे थांबवते. लावल्यानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी कपाळ, कान व मान खाजू लागतात, पापण्या सुजतात. टाळूवर मात्र कित्येकदा फारसे दिसत नाही. त्यामुळे डोळे सुजलेला रुग्ण 'डोळे आले' म्हणून येतो आणि परवा लावलेल्या कलपाचा उल्लेखही करत नाही. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढची प्रत्येक वेळ अधिक त्रासाची ठरू शकते. अशा व्यक्तींनी दंतवैद्यांना व इतर डॉक्टरांनाही हे सांगून ठेवावे. बेंझोकेनसारख्या बधिरता आणणाऱ्या काही औषधांचीही त्यांना ॲलर्जी असू शकते.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात:

• प्रत्येक वेळी, ४८ तास आधी, कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे वेष्टनावरील सूचनेप्रमाणे थोडा कलप लावून पाहावा. खाज, लाली वा पुरळ आल्यास तो कलप वापरू नये.

• डोक्यावर जखम, इसब, सोरायसिस किंवा खाजवून पडलेले ओरखडे असतील, तर ते बरे होईपर्यंत थांबावे.

• भुवया व पापण्यांना कलप लावू नये. आपल्याकडील नियमांनुसार, त्यामुळे अंधत्व येऊ शकते असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. मिशीला लावणाऱ्यांनीही ओठ व नाकपुड्या जपाव्यात.

• हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. दमा असणाऱ्यांना अमोनियाच्या वासाने धाप लागू शकते.

• नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ कलप ठेवू नये. 'रंग पक्का बसेल' म्हणून तासभर ठेवल्याने फक्त त्वचेवरचा मारा वाढतो.

'अमोनियाविरहित' या शब्दाने फसू नये. त्यात पीपीडी असू शकते. 'हर्बल' या शब्दाचेही तसेच. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो. मेंदी लावून केस काही वेळात काळेभोर झाले, तर त्यात दुसरे काही मिसळलेले आहे, असे समजावे. काळ्या मेंदीच्या नावाखाली बहुधा पीपीडीच विकले जाते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांनी मात्र शुद्ध मेंदीही डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

कर्करोगाची भीती अनेकांच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायात रोज रंग हाताळणाऱ्यांना संभाव्य धोका असल्याचे म्हटले आहे; स्वतःच्या केसांपुरता कलप वापरणाऱ्यांबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतील १,१७,२०० परिचारिकांचा ३६ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक कर्करोगांचा धोका टिकाऊ कलपामुळे वाढलेला आढळला नाही. स्तनांच्या काही प्रकारच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका किंचित अधिक दिसला. घाबरून जावे असे यात काही नाही. पण दर पंधरवड्याला संपूर्ण केस रंगवण्याऐवजी गरजेपुरती मुळेच रंगवावीत, हे शहाणपणाचे. कर्करोगाचे उपचार चालू असतील वा नुकतेच संपले असतील, तर आपल्या तज्ज्ञांची परवानगी घ्यावी.

पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुतले जातात, तेथेही सावध असावे. मान फार काळ मागे ताणल्याने मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आलेल्या स्त्रियांची नोंद १९९३ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाली. असे क्वचितच घडते. तरीही मानेचा मणक्याचा त्रास वा चक्कर असणाऱ्यांनी मानेखाली टॉवेलची घडी ठेवावी, किंवा पुढे वाकून केस धुण्यास सांगावे.

पांढरे ठेवायचे ठरवले असेल, तर

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे दिसायला दोन-अडीच वर्षे सहज लागतात. मधला दुरंगी काळच सर्वांत कठीण असतो आणि बहुतेक जण तेथेच माघार घेतात. केस आखूड कापून घेणे हा सरळ उपाय. ते नको असेल, तर काही धुण्यांत उतरणारा सौम्य रंग मधल्या काळात वापरता येतो. त्याचीही चाचणी घ्यावीच.

पांढरा केस कोरडा व राठ लागतो. खोबरेल तेलाचा पारंपरिक उपाय येथे खरोखर उपयोगी आहे. धुण्याआधी लावलेले खोबरेल केसातील प्रथिनांची हानी कमी करते, असे मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही तो निष्कर्ष पटण्याजोगा आहे. केस विरळ झाले असतील, तर उन्हात टोपी वा पदर डोक्यावर घ्यावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या वा विस्मरण जडलेल्या व्यक्तीची सेवा करताना कलप हा सर्वांत आधी वगळला जाणारा खर्च असतो. वगळण्यापूर्वी एकदा विचारा. स्मृतिभ्रंशात आरशातला स्वतःचा चेहरा परका वाटू शकतो. जिच्या मनातली स्वतःची प्रतिमा तीस वर्षे काळ्या केसांची आहे, तिला अचानक पांढरे केस दिसले तर गोंधळ वाढू शकतो. उलट, रंग लावताना ती घाबरत असेल, हात झटकत असेल, रंग डोळ्यांत जाण्याची भीती असेल, तर तिचा तो नकारच समजावा आणि रंगवणे हळूहळू थांबवावे. कलप हवा की नको हे शब्दांत सांगता येत नसले, तरी वागण्यातून कळते.

कलप स्वयंपाकघरातील वाटीत कालवून उघडा ठेवू नये. पीपीडी पोटात गेल्यास काही तासांत चेहरा व घसा सुजून श्वास कोंडतो. पुढे लघवी गडद चॉकलेटी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यावर नेमका उतारा नाही. घरात नातवंडे असोत वा विस्मरण झालेले आजोबा, पाकीट कुलुपात ठेवावे. कलप पोटात गेला, किंवा लावल्यानंतर जीभ सुजली, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पाकीट सोबत न्यावे. न्हाणीघरात सांडलेला रंग लगेच पुसावा. या वयात निसरड्या फरशीवर पडून मोडलेले खुब्याचे हाड कलपापेक्षा कितीतरी महागात पडते.

शेवटी, घरातील ज्येष्ठांना एक प्रश्न आवर्जून विचारा: "तुम्हाला स्वतःला काय आवडेल?" उत्तर 'काळे' असेल, तर चाचणीसाठी ४८ तास राखून ठेवा आणि हातमोजे तुम्ही घाला. उत्तर 'पांढरे' असेल, तर खोबरेल तेलाची वाटी घेऊन मागे बसा. दोन्हींत ज्येष्ठांच्या डोक्यावरून मायेचा हात फिरतोच.