दोन नकार

माझी नात वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फराळाच्या चकल्या तळताना तिने एकदम विचारले, "आजी, तू इतकी वर्षे डॉक्टरकी केलीस. गर्भपातासाठी आलेल्या कुणाला कधी 'नाही' म्हणालीस का ग?"

चकल्या जळतील म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मला सोडीना. तसे नकार मी अनेक दिले असतील. विसरता येत नाहीत असे दोनच. दोन्ही वेळा माझे हात स्वच्छ राहिले, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत दुसऱ्याच कुणी दिली.

पहिली गोष्ट १९६९ सालची. माझा दवाखाना तेव्हा परळला होता. एका संध्याकाळी एका गिरणीकामगाराची बायको आली. कडेवर धाकटे मूल, घरी आणखी चार. "बाई, हे सहावे मला झेपायचे नाही. काहीतरी करा," एवढेच ती म्हणाली. दोन महिने झाले होते. तेव्हा लागू असलेल्या १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे आईचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात माफ होता. एरवी तो करणारा गुन्हेगार आणि करवून घेणारी बाईही गुन्हेगार. मी तिला कायदा सांगितला, थोडे पापपुण्यही सांगितले, आणि शक्तीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले.

बारा दिवसांनी शेजारणींनी तिला टॅक्सीत घालून आणले. कुणा सुईणीकडून तिने काडी घालून घेतली होती. अंग तापाने फणफणत होते. मी तिला इस्पितळात पोचवले. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोटातले तर वाचले नाहीच, घरातली पाच मात्र पोरकी झाली. अशा बायांचे हाल जाणूनच शांतिलाल शहा समितीने १९६६ साली कायदा सैल करण्याची शिफारस केली होती. तो कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. तिच्यासाठी तो तीन वर्षे उशिरा आला.

दुसरी गोष्ट १९८६ सालची. कायदा होऊन आता बरीच वर्षे झाली होती, आणि मीही दादरला आले होते. चांगल्या सुशिक्षित घरातली सून, सोबत नवरा आणि सासूबाई. गर्भजलपरीक्षेचा अहवाल सासूबाईंच्या पर्समध्ये. पहिल्या दोन मुली, ही तिसरी. साडेचार महिने झालेले. "संततिनियमनाचे साधन फसले, असे लिहा म्हणजे झाले," नवरा म्हणाला. कायद्याच्या शब्दांत ते बसतही होते!

मी त्या दोघांना बाहेर बसवले आणि तिला विचारले, "तुमची काय इच्छा आहे?" ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मला कुठे कोण विचारते? ही झाली तर मला माहेरी धाडतील."

मी ठाम नकार दिला आणि त्या रात्री अभिमानाने झोपले. पुढे कळले, तिला त्याच आठवड्यात दुसरीकडे नेले होते. १९८८ साली महाराष्ट्राने अशा परीक्षांना आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. पण त्या दुपारी माझ्यापाशी नकाराखेरीज तिला देण्यासारखे काय होते?

वाचक म्हणतील, बाई, मूळ प्रश्न टाळू नका. जीव केव्हा सुरू होतो ते सांगा. भ्रूणहत्येला आपल्या धर्मशास्त्रांनी महापाप म्हटले आहे, हे खरेच. पण सुश्रुत म्हणतो, गर्भाची चेतना चौथ्या महिन्यात प्रकट होते. आईच्या ठायी दोन हृदये होतात आणि म्हणून तिला डोहाळे लागतात. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगते. इंग्रजांची दंडसंहितासुद्धा गर्भाची हालचाल सुरू झाल्यावरच शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेत असे. मला तरी वाटते, एका रात्रीत कुणी माणूस होत नाही. महिन्यामहिन्याने त्या जीवाचे आपल्यावरचे ऋण वाढत जाते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आईचा शब्द सर्वांत जड असावा, आणि पुढे कारणही तितकेच जड असावे. परंतु तो शब्द खरोखर तिचाच आहे ना, हे आधी पाहायला हवे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. "हत्या करू नका" असे सांगणारे तेव्हाही रगड होते. या दांपत्याने अडलेल्या विधवांना आपल्या घराचे दार उघडून दिले. तिथे जन्मलेल्या, एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 'नाही' म्हणण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

२०२१ च्या दुरुस्तीने कायदा आणखी उदार झाला आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. काही ठरावीक परिस्थितींत दोघांच्या मताने चोवीसपर्यंत मुभा आहे. तरीही बाईची नुसती इच्छा कायद्याला पुरत नाही, मत डॉक्टरचेच लागते. म्हणजे उद्या माझ्या नातीसमोरही कुणीतरी येऊन बसणारच. त्या वेळी आधी बाकीच्यांना बाहेर बसव, तिला पाणी दे आणि तिचे सगळे ऐकून घे, एवढे मी तिला सांगणार आहे. आणि 'नाही' म्हणायचेच झाले, तर ती बाई इथून उठून कुठे जाणार, हेही विचार.

चकल्यांचा शेवटचा घाणा उतरला की हे तिला वाचून दाखवीन. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले आहे.