कलेचे अनुदान आणि विजेचा हिशेब

कलेला आश्रय देणाऱ्याने अटी घालाव्यात की नाहीत, हा वाद जुना आहे. संगणकाच्या साहाय्याने निर्माण होणाऱ्या कलेने त्याला नवे वळण दिले आहे. रंगाची किंवा दगडाची किंमत डोळ्यांना दिसते. पडद्यावरील चित्रासाठी किती कोळसा जळाला, हे दिसत नाही. म्हणूनच ही कला निर्धूर आहे, असा समज सुशिक्षितांतही रूढ झाला आहे.

तो समज खरा नाही. मार्च २०२१ मध्ये 'ख्रिस्तीज' या लिलावगृहाने बीपल या कलावंताची डिजिटल कृती सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली. अशा कृतींच्या मालकीची नोंद बव्हंशी 'इथेरियम' या संगणकीय जाळ्यावर होत असे, आणि ती पक्की करण्यासाठी असंख्य यंत्रे अहोरात्र चढाओढ करून अफाट वीज खात असत. या उधळपट्टीवर कडक टीका झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये जाळ्याने नोंदीची पद्धत बदलली आणि विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक घटला. कला मात्र बुडाली नाही!

तथापि, पद्धत बदलण्याचे सामर्थ्य एकट्या कलावंतापाशी नसते. येथेच द्रव्य देणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने २०१२ पासून नियमित अनुदान घेणाऱ्या संस्थांवर पर्यावरणविषयक धोरण आखण्याचे व वीज-पाण्याचा हिशेब देण्याचे बंधन घातले. हिशेब मांडण्याची साधने व मार्गदर्शन 'जूलीज बायसिकल' या संस्थेमार्फत उपलब्ध करून दिले. अट घालणाऱ्यानेच ती पाळण्याची सोयही केली, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करावे लागतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण आणि कला-संस्कृती या दोहोंचा उल्लेख आहे. मग वृक्षारोपणाला एक देणगी आणि कलेला दुसरी, अशी फारकत कशासाठी?

हिशेबाचे ओझे लहान कलावंतावर पडेल, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यासाठी मोठ्या संस्थांकडून सविस्तर हिशेब घ्यावा, लहानांकडून एका पानाचा. जुनी यंत्रे दुरुस्त करणे, प्रोजेक्टर विकत न घेता भाड्याने आणणे आणि प्रदर्शनानंतर निकामी सामग्रीची योग्य विल्हेवाट लावणे यांसाठी अनुदानातच स्वतंत्र तरतूद असावी. ती नसेल तर अट म्हणजे केवळ उपदेश ठरेल, आणि नव्या कलेचे दार श्रीमंतांपुरतेच उघडे राहील.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळली पाहिजे. काय रंगवावे, हे सांगण्याचा अधिकार आश्रयदात्याला नाही. किती वीज जाळली, हे विचारण्याचा अधिकार त्याला निश्चित आहे. आमच्या मते, तो न बजावणे हीच खरी कर्तव्यच्युती होय.