उशीर नेमका कुठे होतो?

मोबाईलवर काही शोधायला घेतले की कधी उत्तर चटकन येते, तर कधी चाक फिरतच राहते. मग घरात वाद सुरू होतो. अब्बा नेटला दोष देतात, मुलगा म्हणतो फोन जुना झाला, नवा घ्या. हजारो रुपये खर्चण्याआधी उशीर कुठे होतो ते तपासावे, असे आम्हाला वाटते.

बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. उसाची ट्रॉली फडातून निघते, कारखान्यावर रांगेत थांबते, काट्यावर वजन होते, मग ऊस गव्हाणीत पडतो. रस्त्याचा वेळ वेगळा, रांगेचा वेगळा, गाळपाचा वेगळा. घरी वाट पाहणाऱ्याला मात्र ट्रॉली कधी परतली एवढेच दिसते.

इंटरनेटवरचा शोधही असाच. गूगल अनेक वर्षे निकालांच्या वर ‘०.४५ सेकंद’ असा आकडा दाखवत आले. तो सर्व्हरने शोधायला घेतलेला वेळ, म्हणजे गाळप. आपल्या फोनपर्यंतचे जाणे-येणे त्यात धरलेले नसते. म्हणून आकडा अर्ध्या सेकंदाचा आणि आपण थांबतो चार सेकंद, दोन्ही खरे.

अंतर मोठे म्हणून उशीर होतो का? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बिद्री ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. तेव्हा जाऊन-येऊन प्रकाशाला लागतात जेमतेम ४ मिलिसेकंद. पण एका शोधासाठी अनेक फेऱ्या होतात: आधी पत्ता विचारणे, मग जोडणी, मग सुरक्षिततेची खातरजमा, शेवटी प्रश्न. रेंज कमजोर असली की प्रत्येक फेरी लांबते.

तपासणी सोपी आहे. त्याच जागी, त्याच कंपनीच्या सिमवर दुसरा फोन वेगाने चालला, तर अडचण बहुधा आपल्या फोनमध्ये. दोन्ही रखडले, पण गच्चीवर सुधारले, तर रेंजमध्ये. बाकी सारे नीट आणि एकच संकेतस्थळ अडले, तर रांग सर्व्हरवर; तिथे नवा फोनही काही करू शकत नाही.

म्हणून हजचा अर्ज असो वा मुलीच्या शिष्यवृत्तीचा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. फी भरताना चाक फिरत राहिले तर बटण पुन्हा दाबू नये. आधी खात्यातून पैसे गेले का ते पाहावे. आणि शहानिशा केल्याशिवाय ठपका ठेवू नये, ही दीनची शिकवण घरातल्या वादातही लक्षात असू द्यावी.