संदकफू : गुडघे वाचतात, श्वासाचे काय?

हिमशिखरांचे दर्शन आता या वयात आपल्या नशिबी नाही, असे आपण मानले असेल, तर संदकफूचे नाव अवश्य ऐकावे. पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेवर, सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हे ३,६३६ मीटर उंचीचे शिखर आहे. आकाश निरभ्र असेल, तर जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार, म्हणजे एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से आणि मकालू, येथून दिसतात. शिवाय माथ्यापर्यंत जीप जाते.

मात्र या सोयीतच धोका दडलेला आहे. पायथ्याचे मानेभंज्यांग गाव सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. तेथून सुमारे ३१ किलोमीटरचा चढ जीप काही तासांत पार करते. गुडघ्यांचे कष्ट वाचतात; पण विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला लागणारा अवधी मिळत नाही. संदकफू कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच आहे. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी असतो.

म्हणून प्रवासाचे टप्पे पाडावेत. दार्जिलिंगला दोन रात्री, मग तुमलिंग, त्यानंतर सुमारे ३,१०० मीटरवरील कालीपोखरी आणि शेवटी संदकफू. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून फारशी वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. केवळ वय हा अडसर नव्हे. परंतु हृदयविकार, दमा, फुप्फुसाचा जुनाट विकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना निघू नये. उंचीवरील त्रासासाठीची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. इन्सुलिन गोठू नये म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवावे.

सोबत असणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. सहलीचा विरस होऊ नये म्हणून घरातील वडीलधारी माणसे त्रास लपवतात. ‘पित्त झाले असेल’, ‘गाडी लागली असेल’ असे म्हणून डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील अनिच्छा झटकून टाकतात. ही लक्षणे पोहोचताक्षणी नव्हे, तर बहुधा काही तासांनी, पुष्कळदा रात्री जाणवतात. तेव्हा ‘बरे आहे ना?’ एवढेच न विचारता, ‘डोके दुखते का? जेवण गेले का? झोप लागली का?’ असे नेमके विचारावे. एकही लक्षण दिसल्यास आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही आढळल्यास उजाडण्याची वाट न पाहता तत्काळ खाली उतरावे. प्राणवायूचे नळकांडे तात्पुरता आधार देते. खरा उपचार उतरणे हाच.

कालीपोखरीहून माघारी फिरावे लागले, तरी त्यात कमीपणा नाही. कांचनगंगेचे दर्शन दार्जिलिंगहूनही घडते.