वर्गातला राग, कागदावरचा राग

संगीताच्या पदवीला गाण्याइतकीच लेखी उत्तरपत्रिकाही असते, आणि तिच्यामागे दोन मराठी माणसे आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; घराण्याच्या दाराआडची विद्या वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमात आली. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी शास्त्राची बाजू सांभाळली. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादातून लिहिलेली आहे. लखनौचे मॅरिस कॉलेजही त्यांच्याच पुढाकाराने 1926 मध्ये सुरू झाले.

रागांच्या वर्गवारीचे भातखंड्यांचे दहा थाट आजही परीक्षेत विचारतात. गंमत भूप आणि देशकार या रागांत आहे. दोन्हींचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरी भूप कल्याण थाटात, देशकार बिलावलात! हे दोन थाट वेगळे होतात ते फक्त मध्यमामुळे, आणि तो तर दोन्ही रागांत वर्ज्य. फरक चलनाचा: भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत; एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. उत्तरपत्रिकेत हे दोन ओळींत मावते. गळ्यातून देशकार गाताना भूप दिसू न देणे, ही मात्र खरी तोंडी परीक्षा.