टॅरोची मांडणी आणि भेंडवळचा घट

टॅरो कार्डचे वाचन शिकू पाहणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो पत्त्यांच्या अर्थाचा नव्हे, तर मांडणीचा. एकच पत्ता काढावा की तीन, की दहा पत्त्यांचा मोठा पट मांडावा? शहरी वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे दरवर्षी अक्षय तृतीयेला घटाची मांडणी होते. त्या मांडणीतून वर्षभराचा पाऊस आणि पिके यांविषयी भाकीत वर्तविले जाते.

मांडणी म्हणजे ठरवून घेतलेले प्रश्न

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी २२ 'मेजर आर्काना', तर ५६ 'मायनर आर्काना'. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. भविष्यकथनासाठी त्यांचा प्रसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रामुख्याने फ्रान्समध्ये झाला. आज सर्वाधिक परिचित असलेला संच १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी त्याची चित्रे रेखाटली.

पत्ता कोणता येईल, हे पिसण्यावर अवलंबून असते. मात्र तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचायचा, हे पत्ता पडलेल्या जागेवरून ठरते. तीन पत्त्यांच्या मांडणीत भूत, वर्तमान, भविष्य किंवा परिस्थिती, अडचण, मार्ग अशा जागा आधीच निश्चित केलेल्या असतात. थोडक्यात, मांडणी म्हणजे आगाऊ तयार केलेली प्रश्नपत्रिकाच होय.

भेंडवळच्या घटातही हेच तत्त्व दिसते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही परंपरा सुरू केल्याचे सांगितले जाते. त्यांचे वंशज ती आजही चालवितात. गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी, अंबाडी अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवली जातात. मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, करंजी हे पदार्थ असतात. पानविडा राजाचे, तर करंजी आर्थिक स्थितीचे प्रतीक मानली जाते. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती विखुरले, कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता पदार्थ जागेवरून हलला याचे निरीक्षण करून भाकीत जाहीर केले जाते.

येथेही प्रत्येक जागेला अर्थ आहे. वर्षाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला जे जे विचारायचे असते, ते सारे एका वर्तुळात बसविलेले आहे. मोठा प्रश्न, म्हणून मोठी मांडणी आणि तीही वर्षातून एकदा!

रोजच्यासाठी छोटी मांडणी

टॅरोतील दहा पत्त्यांची 'सेल्टिक क्रॉस' ही मांडणी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. मूळ परिस्थिती, आडवा येणारा अडथळा, भोवतालची माणसे, मनातील आशा आणि भीती, शेवटचा परिणाम असा तिचा विस्तार असतो. दीर्घकाळ रेंगाळलेल्या प्रश्नाला ती शोभते. रोज सकाळी ती मांडणे म्हणजे रोज घट मांडण्यासारखेच होय. दहा उत्तरे हाती आली की त्यातील हवे ते उचलण्याचा मोह होतो आणि नको ते विसरले जाते.

दैनंदिन वाचनासाठी एक पत्ता पुरेसा असतो. आज कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, एवढाच त्याचा प्रश्न. निर्णयाच्या दोन बाजू तपासायच्या असतील, तर तीन पत्ते घ्यावेत. मात्र तिन्ही जागांचे अर्थ पत्ते पिसण्यापूर्वीच लिहून ठेवावेत. पत्ता पाहिल्यानंतर जागेचा अर्थ बदलला, तर मांडणीला काही अर्थच उरत नाही.

दुसरे पथ्य म्हणजे तोच प्रश्न पुन्हा न विचारण्याचे. ७८ पत्त्यांतून तीन पत्ते क्रमाने काढण्याचे ४ लाख ५६ हजार ४५६ प्रकार संभवतात. मनासारखे उत्तर येईपर्यंत पत्ते काढत राहिल्यास ते केव्हा ना केव्हा येणारच. तिसरे पथ्य नोंदीचे. दिवस, प्रश्न आणि काढलेला अर्थ वहीत लिहून महिन्याअखेरीस तो ताडून पाहावा.

जुळल्यासारखे का वाटते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'स्वतंत्र' स्वभावचित्र दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता. तरीही, तो आपल्याला किती लागू पडतो यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम वाक्य प्रत्येकाला आपलेच वाटते, हा त्यातील बोध. पत्ते उद्या काय घडेल ते सांगतात, याला शास्त्रीय आधार नाही. स्वतःच्या मनातील गोंधळ शब्दांत मांडण्याचे निमित्त, एवढाच त्यांचा उपयोग मानल्यास फसगत होत नाही.

भेंडवळच्या भाकितावरही अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्त्यांनी हाच आक्षेप घेतला आहे. 'पाऊस साधारण, काही भागांत जास्त' हे वाक्य खोटे ठरणे कठीण. श्रद्धेचा आणि परंपरेचा सोहळा म्हणून घटाचे मोल वेगळे. पेरणीचा दिवस मात्र त्यावरून ठरविणे महाग पडू शकते.

तिसरी मांडणी

वाशीम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. ते बहुतांश पावसाच्या भरवशावर घेतले जाते. पहिल्या सरीवर पेरणी उरकली आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे, खत, मजुरी असा खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये आणि सुधारित अंदाज मेअखेरीस देतो. तो संभाव्यतेच्या भाषेत असतो, तसेच आकडे जाहीर असल्याने हंगामाअखेर तपासताही येतो.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक मांडणी होऊ शकते. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळींत ठेवावेत. वर दुसरे ओले गोणपाट झाकून ते सावलीत ठेवावे, अधूनमधून पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवल्यास हेक्टरी ७५ किलो बियाण्याची शिफारस आहे. उगवण त्याहून कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. फारच कमी असल्यास तो साठा बियाणे म्हणून न वापरणेच इष्ट. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे याविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

पत्ते, घट आणि गोणपाट या तिन्ही मांडण्यांत प्रश्न आधी ठरतो, उत्तर मागून येते. फरक एवढाच, की गोणपाटावरील उत्तर मोजता येते आणि शेजाऱ्याने मोजले तरी ते बदलत नाही. दिवसाची सुरुवात कशी करावी, यासाठी एखादा पत्ता काढण्यास हरकत नाही. घरची पुंजी पणाला लागणार असेल, तेव्हा मात्र मोजता येईल अशीच मांडणी निवडावी.